मदरशिप डिलक्स सेट रिव्ह्यू: टेबलावर बसून खरंच घाबरायचं असेल तर

पुण्यात आता टेबलटॉप रोलप्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक कॅरेक्टर घेऊन बोलत आणि फासे टाकत गोष्ट खेळणारे ग्रुप बरेच झालेत, पण बहुतेक सगळे डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) वाले, तलवारी आणि जादूच्या गेमचे, आणि त्यांनी हॉरर चालवायला घेतलं की साधारण एकच गोष्ट होते, अर्धा तास मस्त वातावरण तयार होतं, मग राक्षस समोर येतो, कोणीतरी तलवार काढतं, याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाऊ शकतो तो आकडा, किती असतील अशी चर्चा सुरू होते आणि भीती संपली. म्हणून मदरशिप या अंतराळातल्या हॉरर गेमबद्दल सविस्तर लिहितोय, कारण आमच्या कोथरूडच्या ग्रुपमध्ये या गेमने लोकांना रात्री घरी जाताना पार्किंगमध्ये मोबाईलचा टॉर्च लावायला लावलाय आणि ते कसं होतं हे नीट सांगण्यासारखं आहे.

आधी थोडक्यात माहिती. ट्यूसडे नाइट गेम्स नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीचा हा गेम, पहिलं प्लेयर्स सर्व्हायव्हल गाइड 2018 मध्ये आलं, मग 2021 च्या नोव्हेंबरात किकस्टार्टरवर लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून त्यांनी फर्स्ट एडिशनचा बॉक्स काढला. डिलक्स सेटमध्ये प्लेयर्सचं पुस्तक, गेम चालवणाऱ्याचं पुस्तक, अंतराळजहाजांचं, राक्षसांचं आणि अनदर बग हंट नावाचं एक तयार साहस, वर स्क्रीन, फासे, नकाशा वगैरे. गेम चालवणाऱ्याला इथे वॉर्डन म्हणतात. कॅरेक्टर चारच प्रकारची, मरीन म्हणजे सैनिक, सायंटिस्ट, अँड्रॉइड म्हणजे माणसासारखा यंत्रमानव आणि टीमस्टर म्हणजे जहाजावर राबणारी कामगार मंडळी, निवडलेला वीर वगैरे कोणी नाही, सगळे पगारावर आलेले लोक. कॅरेक्टर शीटवरच बाणांनी दाखवलंय की पुढे काय भरायचं, त्यामुळे कधीच न खेळलेला माणूससुद्धा चहा होईपर्यंत तयार होतो.

आता मुख्य गोष्ट, स्ट्रेस. प्रत्येकजण 2 स्ट्रेसने सुरू करतो आणि कुठलाही चेक (काही जमतंय का यासाठी टाकलेला फासा) किंवा सेव्ह (संकटातून निभावतोय का यासाठी टाकलेला फासा) हुकला की 1 वाढतो. पॅनिक चेक, म्हणजे घाबरून ताबा सुटतोय का ते बघायची वेळ, आला की 20 बाजूंचा फासा टाकायचा, आकडा तुमच्या स्ट्रेसएवढा किंवा कमी आला तर तुम्ही पॅनिक झालात, आणि तोच आकडा पॅनिक टेबलवर बघायचा. हे इतकं साधं आणि इतकं हुशार आहे, कारण स्ट्रेस 5 असताना शक्यता फक्त 25 टक्के आणि टेबलवरचे पहिले पाचच परिणाम होऊ शकतात, त्यात पहिला तर फायद्याचा आहे, पण स्ट्रेस 15 वर गेला की शक्यताही वाढली आणि होणारी गोष्टही वाईट झाली, वरच्या आकड्यांना हार्ट अटॅकपर्यंत मजल जाते. म्हणजे राक्षस अजून दिसलेलाही नसतो आणि प्लेयर स्वतःच्या शीटवरचा तो आकडा बघून अस्वस्थ होतो. वॉर्डनला आवाज घोगरा करून काही बोलावं लागत नाही.

त्यात कॅरेक्टरच्या प्रकारांची गुंफण बघा. अँड्रॉइड जवळ असला की बाकीच्यांचे फिअर सेव्ह (भीती आवरायचे) डिसअ‍ॅडव्हांटेजने होतात, म्हणजे अवघड होतात. सायंटिस्टचा सॅनिटी सेव्ह (मन ताळ्यावर ठेवायचा) हुकला की जवळच्या सगळ्यांना 1 स्ट्रेस. मरीन पॅनिक झाला की जवळच्यांना फिअर सेव्ह करावा लागतो. म्हणजे सोबत राहिलं तर भीती पसरते आणि वेगळं झालं तर मरण, आणि ही ओढाताण नियमांतूनच येते, ती कथेत कोंबावी लागत नाही.

बरेच लोक पहिल्यांदा चालवून झालं की म्हणतात अरे यात तर सारखं फेलच होतंय. बरोबर आहे, स्टॅट, म्हणजे ताकद, वेग वगैरेचा आकडा, 10 बाजूंचे 2 फासे अधिक 25 असा निघतो म्हणजे साधारण 36 च्या आसपास, आणि शंभरात फासा टाकून त्याहून कमी आणायचं, त्यामुळे स्किल नसेल तर तीनातले दोन वेळा हुकणारच. पण मुद्दा हा की फासा टाकायलाच लावायचा नाही. वॉर्डनच्या पुस्तकात हे फार नीट समजावलंय आणि माझ्या मते अख्ख्या बॉक्सची किंमत या एका पुस्तकात वसूल होते. प्लेयरने हुशारीची युक्ती सांगितली आणि हाताशी वेळ आणि साधन आहे तर ती सरळ यशस्वी होऊ द्या, माहिती लपवून ठेवू नका, दारामागे काय आहे ते कॅमेऱ्यात दिसत असेल तर दाखवा. लपायचं स्किल या गेममध्ये मुद्दाम ठेवलेलंच नाही, कारण लपणं हा हॉररचा सगळ्यात रंगणारा भाग आहे आणि तो एका फाशात उरकायचा नाही, कुठे लपलास, श्वास कसा रोखलास, सूटचा दिवा बंद केलास का, हे बोलून खेळायचं. माझं ठाम मत आहे की भीती वाटते ती काय चाललंय ते नीट कळल्यामुळे. धूसर वर्णनं करून लोक फक्त कंटाळतात, पण ‘एअरलॉक, म्हणजे बाहेर पडायचं दुहेरी दार, उघडायला 4 मिनिटं लागतील आणि तो 2 मिनिटांत इथे पोचेल’ असं स्वच्छ सांगितलं की टेबलावर शांतता पसरते.

त्याच पुस्तकात राक्षसाची गोष्ट रचायची एक साखळी दिलीय, कोणीतरी मर्यादा ओलांडतं, मग चाहूल लागते, मग ते प्रकट होतं, मग त्याला हाकलायचा मार्ग सापडतो आणि शेवटी ते पुन्हा निद्रिस्त होतं. आपल्याकडच्या कोकणातल्या भुताच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. आणि जगणं, कोडं सोडवणं, दुसऱ्याला वाचवणं ही तीन कामं अशी मांडायची की तिन्ही एकदम साधणं अवघड व्हावं.

डेथ सेव्ह, म्हणजे कॅरेक्टर जगलं की मेलं ते ठरवणारा फासा, त्याबद्दल सांगायलाच हवं. जखमा पूर्ण झाल्या की 10 बाजूंचा एक फासा कपात टाकून झाकून ठेवायचा, कोणी बघायचा नाही, जोपर्यंत दुसरा कोणी स्वतःची पाळी खर्चून नाडी तपासायला जात नाही. दहापैकी पाच आकड्यांवर माणूस सरळ मेलेला असतो. आम्ही स्टीलचा पेला वापरतो. एकदा माझी मामेबहीण सायंटिस्ट खेळत होती आणि ती पडली, फासा पेल्यात खणखणला, पेला टेबलावर पालथा घातला, आणि पुढचा बराच वेळ बाकी तिघं त्या पेल्याकडे बघत भांडत होते, कारण तपासायला जायचं तर दार उघडं ठेवावं लागणार होतं आणि दाराबाहेर काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. ती बिचारी गप्प बसून, आपण जिवंत आहोत की नाही हे तिलाही माहीत नाही. ‘ताई, सॉरी’ असं म्हणत अँड्रॉइड खेळणाऱ्या मुलाने दार लावलं. पेला उचलला तेव्हा 1 निघाला, म्हणजे वेळेत पोचले असते तर वाचली असती. त्यानंतर कोणी काही बोललंच नाही आणि मी सरळ ब्रेक घेतला.

चालवताना पुण्यात काय उपयोगी पडतं तेही सांगतो. गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने नदीपात्रात ढोल पथकांचा सराव चालतो, म्हात्रे पुलाजवळच्या मित्राच्या घरी खिडकी लावली की फक्त खालचा ठोका ऐकू येतो, धप धप, आणि मी तो कार्गो होल्डच्या भिंतीवर आतून कोणीतरी आपटतंय म्हणून वापरला. सराव मध्येच थांबला तेव्हा दोघंजण खुर्चीतून उठलेच. रेकॉर्ड केलेल्या भीतीदायक म्युझिकपेक्षा असं काहीतरी शंभर पटीने चांगलं. जहाजाच्या कॉम्प्युटरला मी स्टेशनवरच्या अनाउन्समेंटचं मराठी देतो, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, डेक तीनवरील प्राणवायू पुरवठा बंद करण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’, त्या सुरात, अजिबात घाई न करता. वेफर्सची पाकिटं मात्र आधीच वाटीत ओतून ठेवा, त्या चुरचुरीने सगळा मूड जातो.

आणि खरं विज्ञान वापरा. निर्वातात सूट फाटला तर माणूस फुटत बिटत नाही, साधारण 10 ते 15 सेकंदांत शुद्ध जाते. नासाच्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये 1960 च्या दशकात एका तंत्रज्ञाच्या सूटची नळी निसटली होती, तो वाचला, पण शुद्ध जाण्याआधीची शेवटची आठवण म्हणून त्याने जिभेवरची लाळ उकळताना जाणवल्याचं सांगितलं. हे टेबलावर सांगितलं आणि मग हळूच म्हटलं की तुझ्या सूटला चीर गेलीय, सेकंद मोज. प्लेयर खरंच मोठ्याने मोजायला लागतो.

तक्रारी आहेत. प्लेयर्सच्या पुस्तकात मारामारीचे नियम फार आखडून लिहिलेत, पाळी कोणाची आधी यावर नव्या वॉर्डनचा गोंधळ होणारच. जहाज विरुद्ध जहाज लढाई मला रुक्ष वाटली, ती मी वापरतच नाही. अक्षर बारीक आहे, मंद उजेडात खेळणार असाल तर तक्ते वेगळे प्रिंट करून घ्या, मी अप्पा बळवंत चौकात ए4 वर काढून लॅमिनेट करून आणले. आणि बॉक्स परदेशातून मागवायचा म्हणजे शिपिंग आणि कस्टम धरून खर्च दुपटीच्या आसपास जातो, वर माझा बॉक्स कुरिअरवाल्यांनी एक कोपरा पार चेपून आणून दिला आणि तक्रारीला उत्तरही दिलं नाही.

म्हणून माझा सल्ला, आधी प्लेयर्सच्या पुस्तकाची पीडीएफ घ्या, ती हवी ती किंमत देऊन किंवा फुकटही मिळते. ग्रुपला आवडलं तर वॉर्डनचं पुस्तक आणि अनदर बग हंट. त्यातला पहिला भाग एका संध्याकाळी बसतो आणि नवीन वॉर्डनला कधी काय बोलायचं तेही समासात सांगत जातो, मी अजून एवढं नीट लिहिलेलं पहिलं साहस बघितलेलं नाही. सुरू करण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना विचारा की कुठल्या गोष्टी नकोत, लहान मुलं, गर्भारपण, अंगात काहीतरी शिरणं हे विषय या प्रकारात पटकन येतात, आणि टेबलावर एक्स कार्ड ठेवा, म्हणजे कोणालाही एखादा विषय नको झाला की त्या कार्डाला हात लावून तो थांबवता येतो. आमच्यात एकीने डोळ्यांच्या इजा नको सांगितलं होतं, तेवढं वगळलं आणि त्या रात्री सगळ्यात जास्त तीच घाबरली. फासे 10 बाजूंचे दोन आणि 20 चा एक एवढे पुरतात, माणसं तीन किंवा चार, पाचवा आला की वेग जातो.