शाळेत आलेलं पॉझिटिव्ह एज्युकेशनचं पॅकेज : ट्रेनिंग घ्या, वह्या घेऊ नका, अ‍ॅप तर नकोच

आमची शाळा तालुक्याच्या गावातली, अनुदानित, पाचवी ते दहावी, मराठी माध्यम, एका वर्गात साठ-पासष्ट पोरं. मागच्या वर्षी संस्थेनं एका खाजगी कंपनीकडून पॉझिटिव्ह एज्युकेशनचं, म्हणजे अभ्यासासोबत मुलांना आणि शिक्षकांना आनंदी राहायला शिकवण्याचं, पॅकेज घेतलं. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण आता अशा कंपन्या पैशाला पासरी झाल्यात आणि ब्रोशर सगळ्यांचं सेमच असतं, वर सूर्यफूल, खाली हसणारी तीन गोरीगोमटी पोरं, आणि मागच्या पानावर ‘आनंदी शिक्षक, आनंदी विद्यार्थी’. बऱ्याच शाळांच्या ग्रुपवर सध्या विचारणा चाललीये की घ्यावं का, म्हणून सविस्तर लिहितोय.

पॅकेजमध्ये काय काय आलं तर शिक्षकांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग, सहावी ते आठवीच्या मुलांना प्रत्येकी एक रंगीत वही, शिक्षकांच्या मोबाइलसाठी अ‍ॅप आणि वर्षाच्या शेवटी एक रिपोर्ट. पैसे पालकांकडून ‘उपक्रम फी’ म्हणून गेले.

आधी ट्रेनिंगचं सांगतो कारण तेच खरं चांगलं होतं. पहिल्या दिवशी सकाळी हॉलमध्ये सगळे हाताची घडी घालून बसलेले, कारण सुट्टीत बोलवलेलं, आणि आम्हाला वाटलं आता टाळ्या वाजवायला लावणार, फुगे फोडायला लावणार. पण आलेल्या मॅडम स्वतः बरीच वर्षं शाळेत शिकवलेल्या निघाल्या, त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं की तुमचं टाचण (तासाचं लेखी नियोजन) कोण तपासतं आणि तुम्हाला त्याचा शेवटचा उपयोग कधी झाला, आणि हॉल एकदम हलकाच झाला. मग त्यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मनचं पर्मा मॉडेल सांगितलं, म्हणजे चांगल्या भावना, कामात गुंतून जाणं, नाती, अर्थ आणि काहीतरी साध्य होणं अशा पाच गोष्टी. हे यूट्यूबवरही मिळतं, त्यात विशेष काही नाही.

विशेष होतं ते गिलॉन्ग ग्रामर स्कूलचं. ऑस्ट्रेलियातली ही शाळा, २००८ मध्ये सेलिग्मन स्वतः तिथे जाऊन राहिले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ट्रेनर लोकांनी तिथल्या शंभरेक शिक्षकांना नऊ दिवस ट्रेनिंग दिलं. आता ही शाळा म्हणजे श्रीमंतांचं बोर्डिंग, ब्रिटनचे आत्ताचे राजे चार्ल्स १९६६ मध्ये तिच्याच डोंगरातल्या शाखेत काही महिने होते, तेव्हा आपली तुलना करायची सोयच नाही. पण त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे, आधी शिक्षकांनी स्वतः शिकायचं, मग स्वतः जगून बघायचं, मग मुलांना शिकवायचं आणि मग ते शाळेच्या रोजच्या कारभारात मुरवायचं. मॅडमनी हे फळ्यावर लिहिलं आणि आमचे एक सीनियर सर मागून म्हणाले की आपल्याकडे जीआर येतो, दुसऱ्या दिवशी तिसरी पायरी चालू आणि चौथ्या दिवशी फोटो अपलोड. मॅडमसुद्धा हसल्या, वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशीचा एक भाग मला फार आवडला. सेलिग्मन आणि पीटरसन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये माणसाच्या स्वभावातल्या २४ चांगल्या गुणांची यादी मांडली, जिज्ञासा, धैर्य, न्यायबुद्धी, विनोद, चिकाटी वगैरे. मॅडम म्हणाल्या की तुमच्या वर्गातलं तुम्हाला सगळ्यात नकोसं पोरगं डोळ्यासमोर आणा आणि त्याच्यात यातले तीन गुण शोधा, पण प्रत्येक गुणाला तुम्ही डोळ्यांनी बघितलेला एक प्रसंग पाहिजे, नुसतं ‘मनाने चांगला आहे’ चालणार नाही. माझ्या डोक्यात आठवीतला एक नग आला जो तासाला कधी वही काढत नाही. पण खिचडी वाटायच्या वेळी पाचवीच्या पोरांची लाइन तोच लावतो, कोणी मधे घुसलं तर बाहेर काढतो आणि स्वतः शेवटी खातो, हे मी रोज बघत होतो, त्याला न्यायबुद्धी म्हणायचं मनात कधी आलं नव्हतं.

आणि याचा थेट फायदा कुठे झाला माहितीये का, वर्णनात्मक नोंदींमध्ये! जे शिक्षक आहेत त्यांना कळेल. प्रत्येक पोराच्या नोंदी लिहायच्या म्हणून पीडीएफ फिरत असते, ‘नियमित उपस्थित राहतो’, ‘स्वच्छतेची आवड आहे’, ‘अक्षर सुधारणे आवश्यक’, आणि आपण रोल नंबरप्रमाणे वाटत जातो, खरं तर पाचव्या नंबरची नोंद पंधराव्याला गेली तरी कोणाला पत्ता लागत नाही. या वेळी आम्ही तिघाचौघांनी ठरवून प्रत्येक पोराची किमान एक नोंद बघितलेल्या प्रसंगावरून लिहिली. वेळ जातो, खोटं कशाला बोलू. पण पालकसभेत ती लाइनवाली नोंद त्या पोराच्या आईला वाचून दाखवली तर ती बाई काही बोलेचना, मग म्हणाली सर परत एकदा वाचा. या एका गोष्टीसाठी मी ट्रेनिंगला पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कापला कारण जेवण उशिरा आलं.

आता वह्या. कागद छान, छपाई छान, आणि आत रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. रोज! हा व्यायाम खोटा नाहीये, २००५ च्या अभ्यासात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहिलं आणि त्यांना सहा महिन्यांपर्यंत फरक जाणवला. पण ते लोक मोठे होते, इंटरनेटवर स्वतःहून आलेले होते. आमची सहावीतली पोरं पहिले काही दिवस भारी लिहायची, ‘कुत्रीला पिल्लं झाली’, ‘गणिताच्या सरांना सर्दी म्हणून तास झाला नाही’ (गणिताचे सर मीच). मग सुरू झालं आई, बाबा, देव. आई, बाबा, देव. नंतर तर पुढच्या बाकावरच्याची वही मागच्या बाकावर, गृहपाठासारखी. ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा कृतज्ञता लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही, हे कंपनीला माहीत नसेल असं मला वाटत नाही, पण आठवड्याला एकदा म्हटलं की वही बारीक होते आणि बारीक वहीचे पैसे कमी येतात.

वह्यांचा खरा राग मात्र वेगळ्याच कारणासाठी आहे. त्यात एक पान होतं ‘मला कशाची भीती वाटते’. चांगला प्रश्न आहे, पण पोरं खरं लिहितात हो. मला एका वहीत असं काही वाचायला मिळालं की त्या दिवशी पुढचा तास घेता आला नाही, त्याहून जास्त इथे लिहिणार नाही. आणि मग शोधलं की आता शिक्षकानं काय करायचं हे कुठे दिलंय, तर वहीत नाही, शिक्षक पुस्तिकेत नाही, ट्रेनिंगमध्येही विषय निघाला नव्हता. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ खाली लैंगिक अत्याचाराचा संशय जरी आला तरी कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास फुकट बोलता येतं, हे दोन नंबर आणि एक परिच्छेद, अर्धं पान लागलं असतं, सूर्यफूल थोडं लहान काढायचं. वर या वह्या वर्षअखेरीस ‘रिपोर्टसाठी’ कंपनीकडे पाठवायच्या होत्या! पोरांनी मनातलं लिहायचं आणि ते कुठल्यातरी ऑफिसात कोणीतरी डेटा एंट्री करणार. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी सरळ नाही म्हणून सांगितलं, त्यामुळे रिपोर्टही आला नाही, आणि कोणाला चुकचुकलंही नाही.

अ‍ॅपबद्दल जास्त लिहायची इच्छा नाही. रोज संध्याकाळी साडेसातला नोटिफिकेशन, ‘आज तुमचा मूड कसा आहे?’, पाच स्मायली. त्या वेळेला आमच्याकडचे निम्मे लोक मतदार याद्यांच्या कामात, बाकीचे ऑनलाइन माहिती भरण्यात, साइट चालत नाही म्हणून रात्री जागतायत. लाल स्मायली दाबला की अ‍ॅप सांगणार चार सेकंद श्वास घ्या, चार सेकंद रोखा. एका मॅडमनी तीन दिवस लाल दाबला तर त्यांना ‘आपण एकटे नाही आहात’ असा ऑटोमॅटिक मेसेज आला. स्टाफरूममध्ये तेव्हापासून कोणी पेपर तपासत बसलं असेल तर जाता जाता सगळे तेच म्हणतात, आपण एकटे नाही आहात.

शिक्षकाचं मानसिक आरोग्य म्हणून जे विकतात ते बहुतेक असंच असतं, म्हणजे शिक्षकाला सहन करायला शिकवायचं. आमच्याकडे एक शिक्षणसेवक आहे, माध्यमिकला मानधन १८ हजार, तेही २०२३ मध्ये वाढलं म्हणून, त्यातून रूमचं भाडं जातं. त्याला कृतज्ञता वही देऊन काय होणार. पण याच ट्रेनिंगमधून एक काम झालं ज्याचा कंपनीच्या ब्रोशरमध्ये उल्लेखच नाही. मॅडमनी शेवटच्या सत्रात मुख्याध्यापिका बाईंना समोर बसवून विचारलं की शाळेनं फुकटात करता येईल अशी एक गोष्ट सांगा, आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की ऑफ तास. कोणी रजेवर गेलं की आपला ऑफ तास त्या वर्गावर जातो, आठवडाच्या आठवडा पाणी प्यायला सुद्धा मोकळा तास मिळत नाही. तर ठरलं की प्रत्येकाचा आठवड्यातला एक ऑफ तास वेळापत्रकात लाल पेनानं गोल करायचा आणि कोणी मेलं तरी तो घ्यायचा नाही, दोन वर्ग ग्राउंडवर एकत्र बसवा पण तो तास घेऊ नका. अजून चालू आहे. मधे परीक्षेच्या दिवसांत मोडला, पण परत चालू झाला.

बाहेरचा अनुभव काय म्हणतो तेही बघितलं, कारण आपल्यालाच जमलं नाही असं वाटायला नको. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या वर शाळा आणि आठ हजारांच्या वर मुलं घेऊन माइंडफुलनेसची, म्हणजे शांत बसून आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याच्या सरावाची, मोठी चाचणी झाली, मायरियड नावाची, २०२२ मध्ये निकाल आला. नेहमीच्या पद्धतीनं भावनिक शिक्षण मिळालेल्या मुलांपेक्षा या मुलांना काही जास्त फायदा दिसला नाही, बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र सुरुवातीला तरी थोडा कमी झाला. मला तर हे वाचून आमच्या वह्याच आठवल्या. उलट दिल्लीच्या सरकारी शाळांनी जुलै २०१८ मध्ये, दलाई लामांच्या हस्ते, हॅपिनेस करिक्युलम सुरू केला नर्सरी ते आठवी, त्यात परीक्षा नव्हती, मार्क नव्हते, थोडा वेळ शांत बसायचं आणि मग गोष्ट आणि गोष्टीवर गप्पा. गोष्टी हिंदीत आहेत, मी दोनतीन मराठीत सांगून बघितल्या, सातवीला जाम आवडल्या. आणि आपल्याकडे २०२४ पासून पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार आहेच की! योग, ध्यान, रस्ता सुरक्षा, अडचण आली तर काय करायचं, सगळं त्यात बसतं. परिपाठही रोजचा आहे. म्हणजे तास काढायचा कुठून हा प्रश्नच नाही, त्यासाठी कोणाला पैसे मोजायची गरज नाही.

तर कोणाच्या शाळेत असा सेल्समन आला तर त्याला तीन गोष्टी विचारा. ट्रेनिंग देणाऱ्यानं स्वतः साठ पोरांचा वर्ग सांभाळलाय का. मुलानं काही गंभीर लिहिलं तर पुढे काय, हे कागदावर दाखवा. आणि मुलांनी लिहिलेलं शाळेबाहेर जाणार का. दुसऱ्या प्रश्नाला तो चहा मागवायला लागला तर समजून जा.

आमच्याकडे या वर्षीचं कोटेशन आलंय, त्यात आता डॅशबोर्ड पण आहे म्हणे, कोणत्या वर्गात किती आनंद ते रंगात दिसणार. मी बाईंना लेखी दिलंय की त्याच मॅडमचं ट्रेनिंग परत ठेवा, या वेळी पाचवीच्या शिक्षकांनाही घ्या आणि वह्या-अ‍ॅप काढून टाका. बाईंनी कंपनीला फोन केला तर ते म्हणाले नुसतं ट्रेनिंग वेगळं मिळत नाही, वह्या कंपल्सरी आहेत.