एस.टी.नं येणारा डबा : आठ महिन्यांनंतर, गळक्या झाकणासकट

गेल्या आठवड्यात बॉटनीच्या जर्नलवर आमटी सांडली. दुसऱ्या दिवशी ते सर्टिफाय करून घ्यायचं होतं. म्हणून आज लिहायला बसलोय.

डबा कसा असतो ते सांगत बसत नाही. स्टीलचा, तीन पुडांचा, बाजूला खटक्याची पट्टी. जुलैमध्ये महाद्वार रोडला 640 रुपयांना घेतला. दुकानदार 700 वर अडून बसलेला, आईनं पायरी उतरल्यावर खाली आला.

आमचं गाव गगनबावड्याजवळ, कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटर. प्रॅक्टिकल पाचला सुटतं, त्यामुळे रोजचं जाणं-येणं जमत नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून या शहरात बोर्डिंगं उभी केली, पण मला कुठं जागा मिळाली नाही. मग गंगावेशीत कॉट बेसिसवर खोली. मेसवाल्यांनी दोन वेळचे महिन्याला 2900 सांगितले. तांदूळ घरचा, भाजी परड्यातली, डब्याला आजवर कुणी तिकीट मागितलेलं नाही. म्हणजे फुकट, असा माझा हिशेब. आई सकाळच्या गाडीत कंडक्टर मास्तरांकडं देते, मी रंकाळा स्टँडवर घेतो आणि कालचा रिकामा त्याच गाडीत चढवतो. दोन डबे लागतात. दुसरा मामाचा, त्याच्या आयटीआयच्या काळातला. खटका गेलाय, तार बांधलीय, पण थेंब गळत नाही. गळतो तो 640 चाच. तोही फक्त मधला पूड, आणि नेमकी आमटी त्यातच असते.

ऑगस्टमध्ये विचारलं असतं तर मी पाचात दोन गुण दिले असते. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची सवय लागली. 39 फूट इशारा, 43 धोका. रूममधल्यांना ती पुराची बातमी, मला जेवणाची. वाटेतल्या मांडुकलीत रस्त्यावर पाणी आलं की गगनबावड्याची गाडी बंद. चार दिवस वडापाव आणि एकदा मिसळ, 310 रुपये गेले. डबा फुकट असतो तो असा.

पण गुण तेवढ्यावर राहिले नाहीत, कारण गाडी रोज उशिरा यायची. कॉलेजात पहिले तीन आठवडे माझ्याशी फक्त हजेरी घेणारे सर बोलले, तेही नंबरानं. लेक्चर इंग्रजीत, पुढची रांग आधीच एकमेकांच्या ओळखीची. स्टँडवर मात्र डब्याची वाट बघणारे आम्ही पाच जण होतो. सेमिस्टरला 22 क्रेडिट कशी भरतात, मायनर म्हणजे जोडविषय कुठला घ्यायचा, जर्नलला कुठली वही चालत नाही, हे सगळं मला तिथल्या बाकावर समजलं. त्यातला एक सेकंड इयरचा. त्याच्या डब्यातली नाचणीची भाकरी आमच्यापेक्षा चांगली असते. (आईला सांगितलेलं नाही.)

दिवाळीला घरी गेलो, तर आई पहाटे पाचला चुलीपुढं. म्हटलं, ‘‘आज डबा न्हाई.’’ म्हणाली, ‘‘सवय लागलीया.’’ माझ्या हिशेबात हे पाच वाजता उठणं कुठंच धरलेलं नव्हतं. तेव्हापासून बुधवारी आणि शनिवारी मेसमध्ये जेवतो, ताटाला 70. भात मोकळा, आमटी म्हणजे पाणी. आईनं विचारलं की आमटीचंच तेवढं सांगतो.

आता झाकण. जर्नलचं पिवळं पान सरांनी उचललं, वास घेतला, ‘‘तुरीची का?’’ विचारलं आणि सही केली. तिथं सुटलो. पण डबा घेऊन दुकानात गेलोच. दुकानदार म्हणतो, ‘‘डबा आडवा ठेवायचा नसतोय.’’ म्हटलं, ‘‘काका, एस.टी.त मला उभं राहायला जागा मिळंना, डब्याला कुठनं मिळायची?’’ गॅरंटी डब्याची, झाकणाची नाही म्हणे! नवीन रिंगचे 40 मागितले. दिले नाहीत. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आणली आणि झाकणाखाली बसवली. फुकट.

चार दिवस पिशवी कोरडी आली. खूश होऊन घरी फोन लावला, तर आई म्हणाली, जर्नलचं ऐकल्यापासून तिनं आमटी देणंच बंद केलंय. चारही दिवस झुणकाच होता, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.