वेग भरपूर, टोनची खात्री नाही: घरगुती फायबर जोडणीचा एक वर्षाचा अनुभव

तांब्याच्या तारेवरचा जुना लँडलाइन बंद करून आम्ही फायबर घेतले, त्याला नुकतेच वर्ष झाले. पुरवठादार तालुक्यातलाच केबलवाला असून योजना १०० मेगाबिटची आहे आणि दूरध्वनीही त्याच तंतूवरून चालतो.

जोडणीचे काम पाहण्यासारखे होते. खांबावरून आणलेली काळी केबल सोलून तंत्रज्ञाने केसाइतका बारीक काचेचा तंतू बाहेर काढला, स्पिरिटने पुसला, कटरने सरळ छाटला आणि मांडीवरच्या यंत्रात दोन टोके समोरासमोर ठेवून विजेच्या ठिणगीने वितळवून सांधली. मीटरवर प्रकाशाची पुरेशी ताकद, म्हणजे उणे १९ डीबीएम, दिसल्यावरच तो उठला आणि केबल कपाटामागे दुमडू नका, तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो, असे बजावून गेला.

वेग दिवसा पूर्ण मिळतो. रात्री आठनंतर तो साठ-सत्तरवर उतरतो. जीपॉन या फायबर-वाटपाच्या पद्धतीत एका तंतूवरचे सुमारे २.५ गिगाबिट अनेक घरांत वाटले जात असल्याने याचे मला नवल वाटत नाही.

खरी तक्रार दूरध्वनीची आहे. आषाढातल्या एका रात्री वीज गेली, आईने मामाला फोन लावण्यासाठी रिसीव्हर उचलला, तर टोनच नव्हता. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा पुरवठा थेट घरातल्या फोनपर्यंत येत असे, त्यामुळे गावभर अंधार असतानाही तो चालायचा. काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही, आणि भिंतीवरची मोडेमची डबी बंद पडली की फोनही मुका होतो. जुनी जोडणी सोडवून घेताना हे कोणीही सांगितले नाही, आणि ज्या घरात म्हातारी माणसे आहेत तिथे ही चूक मी किरकोळ मानत नाही.

त्यानंतर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस स्वखर्चाने बसवला. तंतूतला प्रकाश घराघरांत वाटणाऱ्या वाटेतल्या विभाजकाला वीज लागतच नाही, त्यामुळे केबलवाल्याच्या कार्यालयात जनरेटर सुरू असेल तर आमचा फोनही चालतो. पुढच्या वेळी वीज तीन तास गेली तेव्हा तो चालला. दर महिन्याचे बिल मला रास्त वाटते, परंतु हा यूपीएस जोडणीच्या रकमेतच द्यायला हवा होता, म्हणून पाचपैकी साडेतीन गुण.