पीएमएस5003 धूलिकण सेन्सर: धुराला चांगला, ढगाला कुचकामी

प्लँटॉवर कंपनीचा पीएमएस5003 हा लेसर सेन्सर आता शाळांच्या प्रयोगशाळेत, द्राक्षबागेतल्या हवामान यंत्राशेजारी आणि हौशी निरीक्षकांच्या गच्चीवर दिसतो. आकार 50 × 38 × 21 मिलिमीटर, काडेपेटीहून जरा जाड. आत छोटा पंखा, लेसर आणि विखुरलेला प्रकाश टिपणारा डायोड. धूर किती आहे हे तो चांगलं सांगतो. "कण वाढले, आता ढग कसे वागतील?" हे मात्र त्याला विचारू नये, आणि साताऱ्यात नेमका तोच प्रश्न जास्त विचारला जातो.

आधी जोडणी. पंख्याला 5 व्होल्ट लागतात, पण डेटाच्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत. आर्डुइनो उनो या नियंत्रक बोर्डाची 5 व्होल्टची टीएक्स (डेटा पाठवणारी) तार थेट लावली तर सेन्सर खराब होऊ शकतो. मध्ये लेव्हल शिफ्टर (5 व्होल्टचा संकेत 3.3 वर आणणारं छोटं सर्किट) घाला किंवा 3.3 व्होल्टवरच चालणारा ईएसपी32 बोर्ड वापरा. डेटाचा वेग 9600 बॉड, प्रत्येक संदेश 32 बाइटचा, शेवटचे दोन बाइट चेकसमचे, म्हणजे संदेश बिनचूक पोचला का ते पडताळणाऱ्या बेरजेचे. चेकसम न तपासता आकडे घेतले की मधूनच हजारांतली वेडीवाकडी संख्या येते आणि दोष हवेला दिला जातो. धातूचं आवरण ग्राउंडला जोडलेलं आहे, म्हणून ते दुसऱ्या सर्किटला टेकू देऊ नका. हवा आत घेणारी छिद्रं आणि बाहेर टाकणारा पंखा एकाच बाजूला आहेत. डब्यात बसवताना दोघांमध्ये आडवी पट्टी नसेल तर तीच हवा पुन्हा पुन्हा मोजली जाते.

सेन्सर कायम चालू ठेवण्याची गरज नाही. झोपेतून उठवल्यावर 30 सेकंद थांबा, मिनिटभर वाचा, परत झोपवा. दर दहा मिनिटांनी एवढं पुरतं, आणि पंखा व लेसरचं आयुष्य बरंच वाढतं.

कंपनीच्या कागदानुसार 0.3 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निम्मेच कण मोजले जातात, 0.5 च्या पुढचे 98 टक्के. दर घनमीटर हवेत 100 मायक्रोग्रॅमपर्यंत दोन सेन्सरांमध्ये 10 मायक्रोग्रॅमचा फरक कंपनीलाच मान्य आहे. म्हणजे घरातला 18 आणि शेजारचा 25 यावरून भांडू नका. उसाचं पाचट पेटलं, गुऱ्हाळाची चुलवण धुमसली, वीटभट्टीचा धूर गावावर बसला, की सेन्सर लगेच उडी मारतो. या कामाला पाचात चार गुण. माण-खटावच्या उन्हाळी वावटळीतली जाड धूळ मात्र त्याला नीट दिसत नाही. पडद्यावरचा पीएम10 (10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं वजन) हा आकडा बराचसा अंदाजाने काढलेला असतो, तो सोडून द्या.

खरी गोम दमटपणात आहे. अमोनियम सल्फेटचा कोरडा कण सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढून विरघळतो, मिठाचा कण 75 लाच. कण फुगतो, प्रकाश जास्त विखुरतो, आणि सेन्सर पाण्यालाही धूळ समजतो. सुधारणा अशी करा: आर्द्रता 90 टक्के असेल तर 1 भागिले 0.9, त्यातून 1 वजा, म्हणजे 0.111. कणांची पाणी ओढण्याची क्षमता 0.3 धरा, तिला 1.65 ने (कणांची धरलेली घनता) भागून 0.182 मिळवा. 0.182 भागिले 0.111, अधिक 1, म्हणजे साधारण 2.64. सेन्सरच्या आकड्याला याने भागा. पडद्यावर 60 दिसले तर कोरड्या कणांचं वजन 23 च्या आसपास. तेच 60 जर 60 टक्के आर्द्रतेला दिसले तर भागाकार 1.27 ने, उत्तर 47. म्हणून शेजारी आर्द्रतामापक नसेल तर पहाटेचे आकडे वाचूच नका.

महाबळेश्वरला जून ते सप्टेंबर हाही हिशेब कोलमडतो. अरबी समुद्रावरून येणारे मिठाचे कण 0.3 पेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतात, आणि ढग खाली उतरला की सेन्सर कण नव्हे, ढगाचे थेंबच मोजत बसतो. हवा आत घेताना नळी गरम करणं हा एक उपाय आहे: 22 अंशांची 90 टक्के आर्द्रतेची हवा 27 अंशांवर नेली की आर्द्रता 67 च्या आसपास येते. फार तापवू नका, नाहीतर अमोनियम नायट्रेट उडून जातं.

गंमत अशी की सेन्सरचा हा दोष म्हणजेच ढगाची सुरुवात. आर्द्रता 100 च्या किंचित वर गेली की फुगलेला कण थेंब होतो. पण ढगाचं बीज होणारे बहुतेक कण 0.1 मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे सेन्सरच्या नजरेच्या खालचे. वजनाने पाहिलं तर 2.5 मायक्रॉनचा एक कण म्हणजे 0.1 मायक्रॉनचे 15,625 कण. पीएम2.5 चा (2.5 मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या वजनाचा) आकडा तोच, बीजं एक किंवा पंधरा हजार! तासगावकडच्या बेदाणा शेडमधल्या गंधकाच्या धुरीचं उदाहरण घ्या: सल्फर डायऑक्साइड हा वायू, तो सेन्सरला दिसतच नाही, पण हवेत त्याचं सल्फेट झालं की उत्तम ढगबीज तयार होतं.

बीजं वाढली आणि पाणी तेवढंच राहिलं तर थेंब जास्त आणि बारीक होतात, ढग अधिक पांढरा दिसतो, सूर्यप्रकाश जास्त परततो. हे ढगांचे अभ्यासक टूमी यांनी 1970 च्या दशकात मांडलं. बारीक थेंब एकमेकांना धडकून मोठे व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पाऊस लांबतो आणि ढग जास्त टिकतो, ही हवामानशास्त्रज्ञ आल्ब्रेक्ट यांची 1989 ची मांडणी. पाऊस लांबला की कण धुतले जात नाहीत, ते पुढच्या ढगालाही मिळतात आणि चक्र स्वतःलाच खतपाणी घालतं. काजळी उलट वागते: ऊन शोषून आसपासची हवा तापवते आणि ढग विरवू शकते. 1750 पासून 2019 पर्यंत सगळ्या कणांनी मिळून दर चौरस मीटरला सुमारे 1.1 वॅट थंडावा दिला, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा 2021 चा अहवाल म्हणतो. पण पल्ला 0.4 ते 1.7 चा, आणि त्यातली मोठी अनिश्चितता ढगांचीच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने महाबळेश्वरला 2012 पासून ढगभौतिकीची प्रयोगशाळा चालवली आहे ती याचसाठी. तिथला ढगबीज मोजणारा उपकरण-संच हवेला मुद्दाम किंचित अतिसंपृक्त करतो, म्हणजे आर्द्रता 100 टक्क्यांच्या जरा वर नेतो, आणि किती कण थेंब होतात ते मोजतो. पीएमएस5003 मध्ये तशी काही सोयच नाही. ढगासाठी त्याला पाचात अर्धा गुण, तोही शाळेत कण फुगताना दाखवायला बरा म्हणून.

विकत घेताना दोन घ्या. दोघांचे आकडे फाकू लागले की एकाचा पंखा किंवा लेन्स मळली असं समजा. जाळी हलक्या हाताने ब्लोअरने साफ करा, स्पिरिट आत घालू नका. आणि महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात जूनच्या मध्याला तो काढून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा; ऑक्टोबरात, ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आत, परत लावा.