नागपूरची भाड्याची कॅरव्हॅन: दर्यापूरच्या वावरापासून दाभोळच्या फेरीबोटीपर्यंत

फोर्स ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, चार जण झोपतील अशी, चालकासह मिळणारी गाडी. नऊ दिवसांचा मार्ग असा: कारंजा लाड, दर्यापूर तालुक्यातल्या पाहुण्यांचं गाव, शेलूबाजारहून समृद्धी, छत्रपती संभाजीनगरला ती सोडून पुणे-कोल्हापूर, आंबा घाट, गणपतीपुळे, गुहागर, दापोली. गाडी चांगली आहे. पण ती शहरातल्या डांबरी आवारात उभी राहील असं धरून बांधलेली आहे, आणि पाणी, विजेची लाईन, संडासाची टाकी यांबद्दल देणारा एक शब्द सांगत नाही. जे बिघडतं ते या तिघांतच.

आधी भाडं. दिवसाला 250 किलोमीटर धरलेले असतात आणि हिशेब गॅरेज ते गॅरेज चालतो. म्हणजे नागपूर-कारंजा जाणं-येणं मिळून साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर रिकाम्या गाडीचे आपल्याच माथी. पाहुण्यांकडे गाडी दोन दिवस नुसती उभी राहिली तरी 500 किलोमीटर मोजले जातात, त्यामुळे "रोजचे" की "एकूण सरासरी" हे बुकिंगच्या वेळी लिहून घ्या. सरासरीवर मिळाली तर परवडते. डिझेल लिटरला 8 ते 9 किलोमीटर. दोन हजारांच्या फेऱ्याला 220 ते 250 लिटर लागतं.

ताब्यात घेताना टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2322 म्हणजे 2022 सालचा तेविसावा आठवडा. या गाड्या वर्षातले बरेच दिवस उभ्या असतात, नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. पाच वर्षांपुढचा टायर समृद्धीच्या तापलेल्या काँक्रिटवर नको. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे भरा. टाकी, बॅटरी आणि सामान मिळून मागचा भाग जड असतो, तेव्हा कारला 120 ची मुभा असली तरी ही गाडी 80 वरच ठेवा.

गावात कुठवर जाईल याचं माप सोपं आहे: जिथवर एसटी जाते तिथवर कॅरव्हॅन जाते. त्या रस्त्यावरच्या तारा आणि बाभळीच्या फांद्या एसटीनं आधीच वर सारलेल्या असतात. त्यापुढे पांधण (शेतातली कच्ची वाट) लागली की चालकाला खाली उतरून बघू द्या. छतावरचा एसी आणि सौर पाट्या धरून उंची किती, हे गाडीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. टेपनं मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. दर्यापूरकडची जमीन काळी, भेगाळलेली. कोरडी असताना दगडासारखी लागते, पण एक सर आली की मागची जुळी चाकं बसलीच. पाहुणे हौसेनं "वावरात लावा, मोकळं आहे" म्हणतात. गाडी मुरूम टाकलेल्या आवारातच लावावी, तोंड रस्त्याकडे करून.

हा भाग खारपाणपट्ट्याचा. इथल्या बोअरचं पाणी टाकीत घेतलं की साबणाला फेस येत नाही आणि गिझरच्या कॉइलवर खपली धरते. 100 लिटरची टाकी कारंज्यातच गोड्या पाण्यानं भरून निघा आणि पाहुण्यांकडे आंघोळ त्यांच्याच न्हाणीत उरका. भरायची नळी अर्ध्या इंची नळाला बसणारी देतात, पण गावात नळ असतोच असं नाही. सोबत मोठं नरसाळं आणि बादली ठेवा.

लाईनचं गणित. 200 अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. एक टनाचा एसी तासाला सव्वा युनिटच्या आसपास ओढतो, इन्व्हर्टरची घट धरली तर दोन तासांतच खेळ खलास. पंखे आणि छोटा फ्रिज एवढंच ठेवलं तर रात्र आरामात निघते. एसी हवा असेल तर घरातली 16 अँपिअरची जोडणी घ्यावी लागते, आणि खरी अडचण इथे सुरू होते. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला दाब 170 व्होल्टवर येतो. कॉम्प्रेसर नुसता घुमतो, उचलत नाही, आणि तसाच ठेवला तर जळतो. सोबत दिलेली वायर बारीक आणि दहा मीटरचीच. 2.5 चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, 25 मीटर वायर आपली न्यावी, पूर्ण उलगडून टाकावी (गुंडाळी तशीच राहिली तर तापते) आणि आधी अर्थिंग तपासावं. व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर प्लगमध्ये लावून ठेवा. तो 200 च्या खाली गेला की एसी बंद, मग पाहुणे काहीही म्हणोत.

संडास कॅसेटचा आहे, म्हणजे खालची टाकी बाहेर ओढून रिकामी करायची. 20 लिटरची टाकी चार जणांना तीन दिवस पुरते असं सांगतात. ते टॉयलेट पेपरच्या हिशेबानं. आपल्याकडे पाण्याचा फवारा. एका वेळेला दीड लिटर सहज जातं, आणि टाकी दुसऱ्या दिवशी दुपारीच लाल दिवा दाखवते. फवाऱ्याऐवजी लहान तांब्या वापरला तर दोन दिवस निघतात. रिकामी करायची ती शोषखड्ड्याच्या संडासात, हळूहळू. नालीत किंवा नदीत नाही. टाकीतल्या वासासाठीचं निळं औषध मापातच टाका, जास्तीचं शोषखड्ड्याला मारक.

स्वयंपाकाला दोन शेगड्या आणि 5 किलोचं सिलिंडर आहे. चहा, भात, खिचडी ठीक. मिरच्या भाजून ठेचा करायची हौस आत करू नका. धूर ओढणारा पंखा नावापुरता आहे आणि गादीतला ठसका दापोलीपर्यंत सोबत येतो.

समुद्राकडे एक गोष्ट कुणी सांगत नाही. गाडीतली मोठी काच डाव्या बाजूला आहे. किनाऱ्यानं दक्षिणेकडे गेलात तर समुद्र उजवीकडे राहतो आणि काचेतून नुसती दरड दिसते. म्हणून आंबा घाटानं उतरून गणपतीपुळ्याहून उत्तरेकडे चढा: जयगड-तवसाळ फेरी, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, मग धोपावे-दाभोळ फेरी. हेदवीची बामणघळ, म्हणजे लाट उसळते ती खडकातली चीर, भरतीच्या वेळीच बघण्यासारखी, वेळ त्याप्रमाणे ठरवा. फेरीला मात्र उलट: ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि गाडीची लांब शेपटी टेकते. आधी सगळ्यांना उतरवा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा, मग गाडी चढवा. गुहागरात वाळूवर उतरू नका, सुरूच्या बनाअलीकडेच थांबा. ओळखीच्यांच्या वाडीत दोन्हीकडे जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं) असतात. आरसे मिटूनही गाडी जात नाही, ती मुख्य रस्त्यालाच राहते. परतताना घाट चढायच्या आधी खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या, खारं वारं ब्रेकच्या नळ्यांवर बसतं.

दिवाळी ते फेब्रुवारीचा मध्य हाच काळ. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडात फायबरचं छत तापतं आणि कोकणात रात्रभर एसी लागतो, म्हणजे सगळा भार परत त्या अडीच युनिटांवर.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण चालकाचा, घाटात दुसऱ्या गिअरवर उतरवतो आणि ब्रेक तापवत नाही. कापले ते सांडपाण्याच्या व्हॉल्व्हपायी: मागच्या चाकामागे, जमिनीपासून वीतभर, कसलंही कवच नसलेला प्लॅस्टिकचा तुकडा. फेरीच्या उतारावर तोच पहिला घासतो आणि अनामतीतून पैसेही त्याचेच कापतात. गाडी घेताना खाली वाकून त्याचा फोटो काढा, तारीख दिसेल असा.