रामबागेतून सांगते: मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा आमचा अनुभव
माझा धाकटा बारावी पास. 2024 मध्ये या योजनेतून सहा महिन्यांसाठी एका सरकारी कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून लागला. तेव्हा विद्यावेतन बारावीला महिन्याचे 6,000 रुपये, आयटीआयला 8,000, पदवीधराला 10,000 होतं. पैसे थेट खात्यात. पहिल्या दिवशी त्याच्या शर्टाला मीच इस्त्री केली, कॉलर दोनदा दाबली. पोरगं खरंच शिकलं बाप्पा! आवक-जावक रजिस्टर, मराठी टायपिंग, सगळं. साहेब त्याला नावानं हाक मारायचे, वस्तीतल्या पोरासाठी हे लहान नाही. पण कार्यालयानं ऑनलाइन हजेरी वेळेवर भरली नाही, आणि दोन महिने विद्यावेतन अडकलं. तेवढे दिवस ऑटोचं भाडं माझ्या शिलाईतून गेलं. ज्या घरात किराणा उधारीवर येतो, तिथं हा उशीर फार जड जातो. आपली हजेरी चढली का, दर महिन्याला विचारत राहा.