अँटीव्हायरसचं वर्ष संपत आलं तरी ती हिरवी ओळ काही जात नाही

रिन्यूअलचा पॉपअप हल्ली रोज सकाळी टॅली उघडायच्या आधीच हजर असतो, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. कंपनीचं नाव घेत नाही. पेड मल्टी-युजर पॅक आहे, आमचं टॅक्सचं छोटं ऑफिस, क्लायंटचे मेल दिवसभर चालूच. फीचर्स सगळ्यांना पाठ आहेत, त्यात पडत नाही.

माझं भांडण एका ओळीशी आहे. आपण पाठवलेल्या प्रत्येक मेलखाली हे सॉफ्टवेअर हिरव्या अक्षरात चिकटवतं, 'हा मेल तपासलेला आहे, व्हायरस नाही'. पैसे आम्ही भरायचे आणि जाहिरात यांची! सेटिंगमध्ये बंद केली की पुढच्या अपडेटला परत चालू. कस्टमर केअरचा पोरगा म्हणतो, सर काढून परत इन्स्टॉल करा. केलं. जैसे थे.

बरं, जाहिरातीचं एक वेळ सोडा, पण ती ओळ कुणीही टाइप करू शकतो ना. मार्च एंडच्या गडबडीत 'तुमचा इन्कम टॅक्स रिफंड मंजूर झाला' असा मेल आला, सोबत एचटीएमएल फाइल, उघडली की बँकेच्या लॉगिनसारखं पान, आणि मेलच्या तळाला अशीच 'व्हायरस नाही'ची ओळ. आमचे अकाउंटंट काका म्हणाले, "अहो, तपासलेला आहे की!" आणि पासवर्ड टाकायलाच बसले होते. पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला तर इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन कुठेच नाही, भलतंच काहीतरी. अँटीव्हायरस हूं की चूं नाही. त्यात व्हायरस नव्हताच म्हणा, नुसती थाप होती. २००२ मध्ये टेडी बेअरच्या आयकॉनवाल्या फाइलचा मेल फिरला होता, जेडीबीजीएमजीआर की काय ती, 'हा व्हायरस आहे, डिलीट करा आणि सगळ्यांना कळवा'. फाइल विंडोजचीच, लोकांनी आपल्या हाताने उडवली. याला कुठलं सॉफ्टवेअर अडवणार?

इथपर्यंत नुसत्या शिव्याच घालणार होतो. पण मध्यंतरी एका जुन्या क्लायंटच्या खऱ्या पत्त्यावरून, आमच्याच जुन्या मेलला रिप्लाय म्हणून एक झिप आली, आत 'बिल डॉट पीडीएफ डॉट जेएस', म्हणजे पीडीएफ नव्हेच, क्लिक केलं की चालू होणारा प्रोग्राम. त्याचा मेलबॉक्स हॅक झालेला. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन (फाइलचा प्रकार सांगणारं, नावातल्या शेवटच्या डॉटनंतरचं शेपूट) लपवतं, त्यामुळे दिसताना नुसतं 'बिल डॉट पीडीएफ'. मे २००० च्या त्या आयलव्हयू व्हायरसची हीच युक्ती, साध्या मजकुराच्या टीएक्सटीच्या मागे व्हीबीएस, तोही प्रोग्रामच. काकांनी डबल क्लिक करायच्या आत अँटीव्हायरसनं ती उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे त्याच्या कोंडवाड्यात, टाकली. तिथे मात्र मानलं. अर्थात झिपला पासवर्ड असला की आतलं यालाही दिसत नाही, आणि आमच्याकडे निम्म्या झिप पासवर्डवाल्याच.

आता पैशाचं. ऑनलाइन रिन्यूअल पहिल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट, आणि त्याच पॅकचा नवा कोरा बॉक्स गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याकडे त्याहून स्वस्त! जुन्या गिऱ्हाइकाला हीच किंमत. त्याने अजून थोडे कमी केले तर बॉक्स घेतो, नाहीतर विंडोजचा फुकटातला डिफेंडर आहेच. सगळ्या मशीनवर फाइलचं एक्स्टेन्शन दिसेल अशी सेटिंग तेवढी करून टाकलीये, त्याला दमडी लागत नाही. काकांना ती अजिबात आवडलेली नाही, फाइलचं नाव बदलताना ते मागचं डॉट एक्सएलएसएक्सपण खोडतात आणि मग एक्सेल उघडत नाही म्हणून दिवसातून दोनदा हाका मारतात.